महागाव ते दुबई : पंचनाम्याचे फोटो घेऊन हवामान परिषदेत

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

परिषदेला जायचं ऑगस्टातच ठरलं होतं, पण निघायच्या नेमक्या टायमाला अवकाळी आला. २६ तारखेपासून पाऊस येऊन राहिला होता, कुठं कुठं गारा पण, आणि आमच्याकडं पराटीला दुसऱ्या वेचणीचा कापूस फुटून लटकलेला, मजूर मिळत नाही म्हणून तसाच राहिलेला, तो सगळा भिजला. तूर फुलोऱ्यात होती, तिच्या फुलांचा खाली सडा. हरभरा नुकता वर आलेला, त्यात पाणी साचलं. अशात बॅग घेऊन घराबाहेर पडायचं जिवावर आलं होतं. बाबा म्हणाले, "तू जाय बिनधास्त. तू घरी राह्यली म्हणून कापूस थोडीच वाळनार हाय. तिथं सांग मात्र सगळं."

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात. यंदाचं वर्ष कसं गेलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. २२ जुलैला जो पाऊस झाला त्यात आमच्याच तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्यानं वेढला गेला, लोकं अडकले, हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाह्यलं. टीव्हीवर आलं नाही ते म्हणजे नाल्याकाठच्या जमिनी, वरची काळी माती वाहून गेली आणि खाली नुसता मुरूम उरला. मग सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक, हिरवंगार शेत बघता बघता पिवळं पडलं, शेंगा भरल्याच नाहीत. आणि आता हे.

जुलैनंतर आम्ही गावातली काही पोरंपोरी तलाठी आणि कृषी सहायकांसोबत बांधाबांधानं फिरलो. गट नंबर लिहून घे, फोटो काढ, यादीत नाव आलं का बघ, व्हीके नंबर (मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) आला की माणसाला सेतूवर नेऊन केवायसी करून दे. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उठत नाहीत, आयुष्यभर काम करून रेषाच राहिल्या नाहीत बोटांवर, एकेकासाठी दिवस जातो. ते काम पाहून नागपूरच्या एका संस्थेनं तरुण प्रतिनिधी म्हणून माझं नाव पाठवलं आणि मला कॉप-२८ चा पहिल्या आठवड्याचा बॅज मिळाला. कॉप म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात असलेल्या सगळ्या देशांची दरवर्षीची बैठक, यंदा ती दुबईत.

एसटीनं आर्णी, यवतमाळ, वर्धा करत नागपूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूला ओली पांढरी शेतं, खिडकीतून दुसरं काही दिसतच नव्हतं. नागपूरहून दुबईशेजारच्या शारजाला थेट विमान आहे.

२९ नोव्हेंबर, बुधवार

पहिलं विमान, पहिला परदेश, पण त्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनाच माहीत असतं. आपल्यापेक्षा दीड तास मागे घड्याळ. दुबईच्या करामा भागात एका खोलीत आम्ही चौघी, एक आसामची, एक नेपाळची, एक चेन्नईची, सगळ्या वेगवेगळ्या संस्थांकडून आलेल्या. खाली उतरलं की पोळी-भाजी, वडापाव सगळं मिळतं, मराठी पण कानावर पडते, त्यामुळे आईची अर्धी काळजी मिटली.

दुपारी मेट्रोच्या रेड लाइननं एक्स्पो सिटीला, म्हणजे परिषदेच्या जागी, जाऊन बॅज घेतला. संस्थांच्या लोकांचा पिवळा असतो, सरकारी प्रतिनिधींचा गुलाबी, आणि कुठल्या खोलीत कोण शिरू शकतो ते त्या रंगावर ठरतं. ब्लू झोन म्हणजे वाटाघाटी चालतात तो भाग, ग्रीन झोन सगळ्यांसाठी खुला. एक्स्पो सिटी ४३८ हेक्टरवर पसरली आहे, आमच्या गावाचं सगळं शिवार धरलं तरी साधारण एवढंच भरेल. आसामची मैत्रीण म्हणाली उद्यापासून पाय दुखतील, आणि खरंच दुखले.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

उद्घाटनाच्या सभागृहात पिवळ्या बॅजवाल्यांना फार थोड्या जागा होत्या, आम्ही बाकीचे बाहेरच्या हॉलमध्ये स्क्रीनसमोर बसलो. पहिल्या दिवशी साधारण अजेंडा मंजूर होतो, भाषणं होतात, म्हणून कोणाची फार अपेक्षा नव्हती. आणि अचानक लॉस अँड डॅमेज फंडाचा विषय आला, अध्यक्ष सुलतान अल जाबेर यांनी हातोडा आपटला, झालं, मंजूर. सभागृहात लोकं उभे राहून टाळ्या वाजवून राहिले, आमच्या हॉलमध्ये पण आरडाओरडा, माझ्या शेजारची केनियाची मुलगी रडायलाच लागली.

हा फंड म्हणजे काय, तर हवामान बदलामुळे जे नुकसान होऊनच गेलं, जे आता कोणत्याही उपायानं टाळता येत नाही, त्याची भरपाई करायला पैसा. वानुआतू नावाच्या छोट्या बेटांच्या देशानं छोट्या बेटांच्या गटातर्फे १९९१ मध्ये हा विषय पहिल्यांदा मांडला होता, समुद्र वर येईल तेव्हा बुडणाऱ्यांसाठी विम्यासारखी सोय करा म्हणून. तेव्हा माझ्या आईबाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. २०२२ ला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला फंड काढायचा असं तत्त्वतः ठरलं आणि आज तो प्रत्यक्ष सुरू करायचा निर्णय झाला. बांगलादेशचे शास्त्रज्ञ सलीमुल हक यांनी या मागणीसाठी आयुष्य घातलं, ते महिनाभर आधी, २८ ऑक्टोबरला गेले. आज प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या तोंडी त्यांचं नाव होतं. ते असायला पाहिजे होते असं मलाही वाटलं, मी त्यांना कधी भेटले नसले तरी.

लगेच आकडे जाहीर व्हायला लागले. यूएई १० कोटी डॉलर, जर्मनी १० कोटी डॉलर, म्हणजे प्रत्येकी सव्वाआठशे कोटी रुपयांच्या वर. अमेरिका १.७५ कोटी डॉलर, जपान १ कोटी. अमेरिकेचा आकडा ऐकून हॉलमधला आवाज एकदम कमी झाला. जगात सगळ्यात जास्त धूर आजवर ज्या देशानं सोडला त्यानं साधारण १४५ कोटी रुपये द्यायचे, हे मला पटत नाही, आणि ते मी तिथंही बोलून दाखवलं. विकसनशील देशांचं असं नुकसान २०३० पर्यंत वर्षाला २९० ते ५८० अब्ज डॉलरवर जाईल असा एक अंदाज नेहमी दिला जातो, त्याच्यासमोर हे आकडे ठेवून बघा.

फंड पहिली चार वर्षं जागतिक बँकेत राहणार, त्याला बऱ्याच गरीब देशांचा विरोध होता. संचालक मंडळ २६ जणांचं, त्यात १४ विकसनशील देशांचे. रात्री खोलीवर येऊन मी त्याचा मसुदा मोबाईलवर उघडला, डिक्शनरी बाजूला ठेवून एक एक ओळ वाचली, आणि पैसा कसा पोचवायचा त्या भागात एक ओळ सापडली, की स्थानिक समुदाय, आदिवासी आणि असुरक्षित गट यांच्यासाठी छोटी अनुदानं सुद्धा देता येतील. ती ओळ मी वहीत उतरवून घेतली. एवढ्या मोठ्या कागदात गावापर्यंत येऊ शकेल अशी मला तरी तेवढीच वाट दिसली.

१ डिसेंबर, शुक्रवार

देशोदेशीचे प्रमुख येणार म्हणून सुरक्षा कडक, अर्धा दिवस रांगेत. पंतप्रधान मोदींनी २०२८ ची परिषद भारतात घ्यायचा प्रस्ताव मांडला. शेती आणि अन्नव्यवस्थेवरचा जाहीरनामा पण आज आला, १३४ देशांच्या सह्या, भारताची नाही. यावर आमच्या खोलीत रात्री बराच वाद झाला. माझं मत असं की दोन-तीन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर उत्सर्जन कमी करायचं ओझं येऊ नये ही भीती खरी आहे, पण शेतीला हवामान बदलापासून वाचवायचं बोलणं तरी त्या टेबलावर बसून करायला हवं होतं.

२ डिसेंबर, शनिवार

यूएईचा राष्ट्रीय दिवस, सगळीकडे झेंडे. संध्याकाळी एक्स्पो सिटीतल्या अल वस्ल डोमखाली बसले होते, घरी फोनवर बोलत होते, तर एसीचं काम करणारा एक जण थांबला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही विदर्भातल्या का?" बोलण्यावरून ओळखलं. तो बुलढाणा जिल्ह्यातला, सिंदखेडराजाकडचा. त्यानं मोबाईल काढून मला व्हिडिओ दाखवले, मोठाल्या गारांनी शेडनेट फाटून लोंबकळलेले, आतली बियाण्यांची मिरची जमिनीत गाडल्यासारखी झालेली. त्या भागात बियाणं कंपन्यांसाठी शेडनेटमध्ये बीजोत्पादन चालतं, लोकांनी कर्ज काढून ते उभारलेले. त्याच्या भावाचं त्यात होतं. म्हणाला इथून पैसे पाठवत होतो ते शेडनेटचे हप्ते भरायला, आता हप्ते तर भरावेच लागतील, शेडनेट नाही राह्यलं.

मी त्याला फंडाचं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मग विचारलं, "आमच्या भावाला यातून काय भेटल?" मी म्हटलं सध्या तरी काहीच नाही दादा. खोटी आशा दाखवायची नव्हती. त्यानं दोन व्हिडिओ मला पाठवले, म्हणाला दाखवा जिथं दाखवता येईल तिथं. ते मी दाखवले.

३ डिसेंबर, रविवार

आज आरोग्याचा दिवस, कॉपमध्ये पहिल्यांदाच असा दिवस ठेवला होता. उन्हात काम करणाऱ्या मजुरांवर एक सत्र ऐकलं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बायका पहाटेच पराटीचे फण वेचायला, धुरे साफ करायला निघतात आणि दहा-अकराला परत येतात, त्या बुडालेल्या अर्ध्या मजुरीचा हिशोब कोणाकडंच नाही. मी प्रश्न विचारायला हात वर केला होता, वेळ संपली.

४ डिसेंबर, सोमवार

आज माझं बोलणं. तरुणांच्या एका छोट्या सत्रात तीन मिनिटं. हॉल लहान, पण भरलेला.

मी मोठं भाषण केलं नाही. स्क्रीनवर जुलैच्या पंचनाम्याच्या कोऱ्या फॉर्मचा फोटो लावला आणि आमच्याकडं नुकसान कसं मोजतात ते सांगितलं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, तिघं मिळून शेतात येतात. पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं तरच मदत. २५ टक्के गेलं तर कागदावर काहीच गेलं नाही. केंद्राच्या सध्याच्या (२०२३) निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, आणि एवढ्यात बियाणं-खताचाही खर्च निघत नाही. अतिवृष्टी कधी मानायची, तर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर. तो पाऊस मोजतात महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर, आणि एका मंडळात पंधरा-वीस गावं असतात. आमच्याकडं ढग असा पडतो की या नाल्याला पूर आणि तिकडं चार-पाच कोसांवर नुसती भुरभुर. केंद्र भुरभुरीत असलं की आमचा पूर आलाच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच होतं, की फंडात किती अब्ज येतात त्यावर भांडलंच पाहिजे, पण मोजमाप शेतापर्यंत आलं नाही तर तो पैसा कुठं द्यायचा हेच कोणाला कळणार नाही. ज्याचं नुकसान मोजलंच गेलं नाही त्याला भरपाई कोणत्याच फंडातून मिळत नाही, तहसीलमधून नाही आणि जागतिक बँकेतूनही नाही. गावाला स्वतःचं नुकसान स्वतः मोजायचा, लिहून ठेवायचा अधिकार पाहिजे आणि ती नोंद ग्राह्य धरली पाहिजे, छोट्या अनुदानांच्या त्या ओळीत हे काम बसवा.

सत्र संपल्यावर बांगलादेशच्या सातखिरा जिल्ह्यातली एक ताई भेटली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, सुंदरबनाच्या काठावरचं तिचं गाव. आम्ही बाहेर पायरीवर बसलो, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी. ती म्हणाली चक्रीवादळ आलं की आमच्याकडं पण अधिकारी येतात, घरं मोजतात, गुरं मोजतात. पण वादळाच्या पाण्यासोबत जे मीठ शेतात येतं ते दरवर्षी थोडं थोडं वाढतं, भात आधी कमी येतो, मग येतच नाही, मग लोकं कोळंबीचे तलाव करतात किंवा गाव सोडतात. मिठासाठी कोणी अधिकारी येत नाही, कारण ते एका दिवसात येत नाही. तिनं तिच्या घरामागच्या मातीचा फोटो दाखवला, वर पांढरा थर. मला आमच्या नाल्याकाठच्या जमिनी आठवल्या. एका पुरात जमीन खरडून गेली तर तिचा वेगळा पंचनामा होतो, पण दर पावसाळ्यात बोटभर माती जाते त्याचा पंचनामा नाही. आमच्या दोघींचं नुकसान एकाच जातीचं निघालं.

तिच्या गावातल्या बायका साध्या मीटरनं विहिरीच्या, तळ्याच्या पाण्यातलं मीठ मोजून वहीत लिहितात, वर्षानुवर्षांची नोंद आहे. ती वही तिनं दुबईला आणली होती. अक्षरं बंगाली, पण तारीख, जागा, आकडा हे रकाने मला वाचता आले. काही पानं पाण्यानं फुगलेली, काही जागी पेन बदललेला. मी पानापानाचे फोटो काढले, तिला विचारून.

माझ्यासाठी ही परिषद म्हणजे त्या पायरीवरचा तास-दीड तास.

५ डिसेंबर, मंगळवार

ऊर्जेचा दिवस. कोळसा बंद होईल तेव्हा खाणीतल्या, वीज केंद्रातल्या मजुरांचं काय, यावर भरपूर बोलणी. माझा मामा चंद्रपूरला खाणीत आहे, आणि तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, अख्खं शहर त्यावर चालतं आणि त्याचीच राख श्वासात घेतं, म्हणून हा विषय मला परका नव्हता. पण सत्रात बोलणारे जवळजवळ सगळे मोठ्या कंपन्यांचे आणि मंत्रालयांचे. खाणीत उतरलेला माणूस एकही नाही. हे मला लागलं.

६ डिसेंबर, बुधवार

पहिल्या आठवड्याचा बॅज संपला. सातखिराच्या ताईचा नंबर घेतला, केनियाच्या मुलीनं मण्यांचं कडं दिलं, मी तिला घरचा तिळगूळ. रात्रीच्या विमानानं परत.

८ डिसेंबर, शुक्रवार

घरी. आज आमच्या शिवारात पंचनामे. तलाठी भाऊंनी बसल्या बसल्या दुबईचं विचारलं, मी फंडाचं सांगितलं, ते फॉर्म भरता भरता म्हणाले, "ताई, सज्जातली सगळी गावं हायेत माह्याकडं, आठवड्यात यादी मागून राह्यले." त्यांची पण ओढाताण दिसते, एकटा माणूस किती बांध फिरणार.

आमचा कापूस ३३ टक्क्यांत बसला. शेजारच्या काकूंचा नाही, त्यांनी पाऊस यायच्या आधी बराचसा वेचून घेतला होता. पण तो घरात ठेवलेला, छत गळून त्यातला अर्धा पिवळा पडला. सरकारी खरेदीत लांब धाग्याच्या कापसाला यंदा (२०२३-२४) ७,०२० रुपये क्विंटल हमीभाव आहे, पण १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की माल घेत नाहीत, मग खेडा खरेदीवाला म्हणेल तो भाव. वेचून झालेल्या कापसाची प्रत घसरली, भाव पडला, हे नुकसान पंचनाम्यात कुठंच बसत नाही. काकू म्हणाल्या, "मंग काय वेचाचाच नव्हता का म्या?" मी तो प्रश्न तसाच वहीत लिहून घेतला आणि सातखिराच्या ताईला पण कळवला.

१३ डिसेंबर, बुधवार

दुबईत आज एक दिवस उशिरा शेवटचा निर्णय झाला. जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं, हे सगळ्या देशांनी पहिल्यांदा लेखी मान्य केलं. हातोडा पडला, टाळ्या झाल्या, आणि मग सामोआच्या प्रतिनिधी छोट्या बेटांच्या वतीनं बोलल्या, की निर्णय झाला तेव्हा आम्ही खोलीत नव्हतो. मी शेतातून आल्यावर मोबाईलवर ते बघितलं. त्यांचं बोलणं संपल्यावरही लोकं उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण निर्णय होऊन गेला होता.

आमचं पुढचं ठरलं आहे ते सांगते. मृग लागायच्या आत आजूबाजूच्या गावांमध्ये साधे पर्जन्यमापक बसवायचे. जागा मोकळी पाहिजे, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, शाळेचं मैदान सगळ्यात चांगलं. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खातं पण तेव्हाच मोजतं, मग आकडे शेजारी ठेवून दाखवता येतात. तारीख, मिलिमीटर, मोजणाऱ्याची सही, आणि दर महिन्याला ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यायचं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर कागद आहे. सोबत दुसरी वही, त्यात ३३ टक्क्यांच्या आतलं नुकसान, वेचलेल्या कापसाचं, बुडालेल्या मजुरीचं, खरडलेल्या मातीचं, जे जे फॉर्ममध्ये बसत नाही ते सगळं. महागाव, उमरखेड, पुसद, आर्णी भागातल्या कोणाला आपल्या गावात हे करायचं असेल तर शाळेच्या मास्तरांशी आत्ताच बोलून ठेवा, सुट्टीत पण वही कोण सांभाळणार हे आधी ठरवा, आणि एकाच माणसावर काम टाकू नका, घराघरांत पाळी लावा.